सकाळी कासवांची पिल्लं, दुपारी नुसती झोप : आमची रत्नागिरी

शुक्रवार, रात्र

आधी एक सांगते, ही ट्रिप आमच्या वन्संनी प्लॅन केली होती, आणि वन्सं म्हणजे ज्या बाईंनी स्वतःच्या लग्नाच्या पंगतीचासुद्धा तक्ता केला होता म्हणे. त्या आणि दाजी पुण्यावरनं गुरुवारीच कोल्हापुरात आले, येताना प्रिंट काढलेला कागद घेऊन. त्यात शनिवारच्या खाली नऊ ओळी. पहाटे गावखडीची कासवं, मग पावस, गणेशगुळे, थिबा पॅलेस, टिळकांचं घर, पतितपावन मंदिर, मत्स्यालय, रत्नदुर्ग, मांडवी. प्रत्येकापुढे वेळ. जेवणाला पस्तीस मिनिटं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे, आणि दोघंही गप्प बसलो कारण सासूबाई समोर होत्या आणि लेकीचं कौतुक चाललेलं.

हे ऑफिसातनं सुटून निघेपर्यंत साडेसहा झाले. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा आपला नेहमीचा रस्ता, मध्ये मध्ये रस्त्याचं काम, धूळ, आमच्या चिनूला घाटात दोनदा मळमळलं. पावसच्या पुढे पूर्णगडच्या खाली मुचकुंदी नदीवरचा पूल लागतो, तो ओलांडला की गावखडी. पोचलो तेव्हा साडेअकरा. होमस्टेवाल्या काकूंनी तरीही गरम भात आणि कुळथाची पिठी ठेवलेली, ती खाऊन जो झोपलो ते साडेचारला गजर. म्हणजे मोजून चार तास, त्यातला एक तास पंख्याचा आवाज ऐकण्यात गेला.

शनिवार, पहाट

काकांनी आधीच सांगून टाकलेलं, "पिल्लं काय आपल्या टायमाला येतात काय? असली तर असली." हे जाणाऱ्यांनी खरंच डोक्यात ठेवा, कासवांचा शो नसतो. आदल्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नव्हतं.

किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, त्यातनं टॉर्चच्या उजेडात चालत गेलो. सासूबाईंचा पाय वाळूत रुतत होता म्हणून मी एक हात धरला आणि दाजींनी दुसरा, तेवढं अंतर चालायला पंधरा मिनिटं लागली. पुढे जाळीचं कुंपण घातलेली जागा, तीच हॅचरी. आत वाळूत ओळीनं टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येकीजवळ पाटी, पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा. शाळेच्या बागेत वाफ्यांना पाट्या लावतात ना, तस्संच दिसतं.

कासवमित्र दादा उजाडायची वाट बघत बसलेले, त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा करते, त्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, परत फिरून बघत नाही. (इथे सासूबाईंचा सुस्कारा.) नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कधीही येतात. हे लोक रात्री आणि पहाटे किनारा चालून काढतात, वाळूत ट्रॅक्टरच्या टायरसारखी खूण दिसली की तिच्या मागे मागे जायचं, काठीनं वाळू चाचपायची, जिथं भुसभुशीत लागेल तिथं घरटं. अंडी तिथंच ठेवली तर कोल्हे आणि कुत्री उकरून खातात, म्हणून ती अलगद उचलून हॅचरीत तेवढ्याच खोल पुरायची. पुढे पन्नासेक दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त, हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे आमच्या घरात सगळा उन्हाळाच." दोन मुली आहेत त्यांना, दोघी बारावी-दहावीच्या क्लासमुळे आल्या नव्हत्या.

पूर्वी हीच अंडी कोकणात खाल्ली जायची, विकली जायची. राखायचं काम आधी वेळासला सुरू झालं, 2002 साली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन, आणि मग हळूहळू बाकीच्या किनाऱ्यांवर पसरलं. आता ज्यांच्या आज्यांनी अंड्यांची पोळी करून वाढली असेल ती पोरं रात्रभर बॅटरी घेऊन किनारा राखतात. मला हे पिल्लांपेक्षा भारी वाटलं खरं सांगायचं तर.

सहा-सव्वासहाला टोपल्या उचलायला सुरवात. पहिली रिकामी. दुसरी, तिसरी, चौथी, रिकाम्या. चिनूचं तोंड एवढुस्सं झालेलं. वन्सं घड्याळ बघतायत. आणि सातव्या का आठव्या टोपलीखाली वाळूच हलली. आधी एक काळपट ठिपका, मग एकदम ढीगच, एकावर एक चढतायत, वल्ह्यासारखे पाय मारतायत, एवढी बोटभर पिल्लं पण काय जोर! दादांनी एकेक उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि मोठ्यानं मोजली, चिनू त्यांच्याबरोबर मोजत होता. त्रेचाळीस.

पाण्यापासून थोडं लांब दोरी लावलेली असते, आपण दोरीच्या मागे थांबायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं वाळूवर सोडतात, पाण्यात नाही, कारण तेवढं चालणं त्यांनी स्वतःच करायचं असतं. माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला पुन्हा आपल्याच किनाऱ्याच्या आसपास येतात, तर हा रस्ता त्यांच्या डोक्यात तेव्हाच बसतो असं मानतात. काही सरळ लाटेकडे सुटली, काही गोल फिरून आमच्याकडेच यायला लागली, एक तर पाऊलखुणेच्या खड्ड्यात पडलं आणि निघायला पाच मिनिटं लागली, आणि आम्ही सहा माणसं एवढुशा जिवाला "चल चल, डावीकडे, अगं डावीकडे" असं ओरडतोय. पहिली लाट आली की सात-आठ गेली, एखादं परत बाहेर फेकलं गेलं, पुन्हा चालायला लागलं. हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले.

"आता ही जाणार कुठं?" असं चिनूनं विचारलं तर दादांनी बागेश्रीची गोष्ट सांगितली. 2023 साली गुहागरच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवून सोडली होती, ती बागेश्री, तर बाई श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात. चिनू म्हणाला, "तिला घाट लागला नसेल म्हणून."

शनिवार, दुपार (इथे प्लॅन मोडला)

होमस्टेवर येऊन घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली, आंघोळी केल्या, निघायला साडेनऊ. आणि इथंच लक्षात आलं की आम्ही संपलोय. म्हणजे पाय दुखतायत वगैरे नाही, वाळूत दोन तास उभं राहून आणि अपुऱ्या झोपेनं जे होतं ते, डोळ्यात वाळू गेल्यासारखं, कोणी काही बोललं की चिडचिड. मार्च अखेरचं कोकणातलं ऊन तुम्हाला माहिती आहे, दहा वाजता अंगाला कपडा चिकटतो.

वन्संचा कागद मात्र ठणठणीत. पावसला थांबलो, ते बरं झालं, एकतर वाटेवर आणि स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात गार शांत बसता येतं, सासूबाई खांबाला टेकून बसल्या त्या उठेचनात. दुपारी खिचडीचा प्रसाद असतो पण दुपारला अजून वेळ होता. गणेशगुळ्याचा फाटा आला तेव्हा वन्सं म्हणाल्या "वळव", आणि ह्यांनी गाडी सरळ नेली. काही न बोलता. तीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीचं ऐकलं नसेल.

भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत शिरलो ते पावणेअकरा, आणि लॉजवर कळलं की रूम बाराशिवाय मिळणार नाही. नाव सांगत नाही, नियम त्यांचा बरोबरच आहे, चूक आमची. पण पहाटे उठलेल्या माणसांना सव्वा तास रिसेप्शनच्या सोफ्यावर बसा म्हटलं की काय होतं ते आम्ही बघितलं. वन्सं म्हणाल्या "तेवढ्यात थिबा पॅलेस होईल", हे म्हणाले "तेवढ्यात मी मरेन", वन्संचे डोळे भरले, दाजी बाहेर जाऊन उभे राहिले.

मग मी तो कागद घेतला. खोटं कशाला सांगू, मला दोन दिवस तो घ्यायचाच होता. मागच्या कोऱ्या बाजूवर रत्नागिरीचा आपला अंदाजे नकाशा काढला. दक्षिणेला काजळी नदीची खाडी आणि पलीकडे भाट्ये. खाडीच्या अलीकडे टेकाडावर थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट, दोन्ही जवळ जवळ. मध्ये गाव, बाजार, टिळक आळी. पश्चिमेला मांडवी, आणि त्याच्या पुढे समुद्रात घुसलेल्या टोकावर रत्नदुर्ग, पायथ्याला मिरकरवाडा बंदर. मग प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला एकच गोष्ट बघायला मिळणार असेल तर कुठली? सासूबाई, भगवती देवी, म्हणजे रत्नदुर्गावरचीच. चिनू, बोटी. दाजी, मासे, पण ताटातले. हे, झोप. वन्सं बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "थिबा राजाचा वाडा. मला शाळेपासून बघायचाय."

बघा, नऊ ओळीत खरी हवी असलेली ओळ तेवढी एकच होती.

ठरलं असं की दुपारी एक ते साडेचार कोणी कुठं जायचं नाही. दिवसातनं एकदा बाहेर पडायचं सकाळी, एकदा संध्याकाळी, आणि एका वेळेला गावाची एकच बाजू. मत्स्यालय आणि गणेशगुळे कटाप, चिनूला बोटी मिळणार होत्याच. बॅगा लॉजवर ठेवून रिक्षानं टिळक आळीत गेलो, कारण सावलीत बसता येईल असं मध्यातलं तेच होतं. 23 जुलै 1856 ला लोकमान्य इथं जन्मले. कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, आतला गारवा, भोवती झाडं. वीस मिनिटांत बघून झालं आणि अर्धा तास नुसते बसलो, कोणी काही बोललं नाही आणि ते फार बरं वाटलं.

मग लवकर, पावणेबाराला जेवण. हे पण सांगण्यासारखं, खानावळीत एक वाजता गेलात तर वाट बघत उभं राहायला लागतं, आम्हाला पंख्याखालचं टेबल मिळालं. दाजींनी सुरमईचं ताट घेऊन वर सौंदाळे मागवले, आम्ही बांगडा, सासूबाईंना ओल्या काजूगरांची उसळ, ती इतकी चांगली की माशांपेक्षा आम्ही तिच्या वाटीवर नजर ठेवून होतो. सोलकढी दोनदा. साडेबाराला रूम. जो झोपलो ते मला साडेचारला चिनूनं उठवलं, आणि वन्सं त्याच्याही नंतर उठल्या, गालावर उशीची घडी उमटलेली.

शनिवार, संध्याकाळ

चहा घेऊन साडेपाचला थिबा पॉइंट. फक्त तेवढंच. वरनं काजळीची खाडी, भाट्याचा पूल, पुलावरनं जाणारी मुंगीएवढी एसटी, पलीकडे सुरूची रांग आणि समुद्र. पावणेसातच्या सुमाराला सूर्य गेला. चिनू तिथल्या कठड्यापाशी उभा राहून सांगत होता की आपली त्रेचाळीस पिल्लं आत्ता डाव्या बाजूला असतील, आणि दिशा त्याची बरोबर होती, गावखडी दक्षिणेलाच.

परत येताना मांडवीला भेळ. जेट्टीवर वारा मस्त, गर्दी भरपूर. इथली वाळू काळी, म्हणून ह्याला काळा समुद्र म्हणतात आणि किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला पांढरा समुद्र, एकाच गावात दोन रंगाचे. नऊला जेवण न करताच झोपलो, भेळेवर भागलं.

रविवार

हे आणि दाजी सहालाच उठून मिरकरवाड्याला गेले, चिनूला घेऊन. आम्ही तिघी लोळत पडलो, सासूबाईंनी जुन्या गोष्टी काढल्या, वन्सं लहानपणी कशा बाहुल्यांनासुद्धा रांगेत उभं करायच्या ते सांगून आम्हाला हसवलं. मला ट्रिपमधला हा एक तास सगळ्यात आवडला असेल कदाचित. चिनू आला तो बोटींचे रंग, लिलाव, बर्फ आणि वास यांचं वर्णन करतच, आणि अंगाला वास घेऊनच.

दहाला थिबा पॅलेस, फक्त पॅलेस. हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 ला राज्य घेतलं आणि त्याला हद्दपार करून इथं आणून ठेवला. वाडा मिळायला पंचवीसेक वर्षं गेली आणि त्यात राहायला मिळाली सहा, 1916 ला इथंच गेला. लाल चिऱ्याचा तीन मजली, लाकडी कमानी, रंगीत काचा, मागे खाडी. आता आत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. वन्संनी प्रत्येक पाटी वाचली, सगळ्या. कोणी घाई केली नाही कारण पुढे काहीच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "एवढं सगळं चांगलं दिसतंय, पण माणूस बघत काय बसला असेल, गलबतं?" राणी सुपायालत 1919 ला परत ब्रह्मदेशात गेली पण राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. समाधी बघायला जायचं का असं मी विचारलं तर त्याच नको म्हणाल्या, "आज एवढंच पुरे." ह्यांनी माझा हात दाबला.

जेवण, झोप, पुन्हा साडेचार. आता किल्ल्याची बाजू.

रत्नदुर्गाला गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते त्यामुळे सासूबाईंना जमलं, थोड्या पायऱ्या आहेत त्या सावकाश. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तिन्ही बाजूंनी समुद्र. भगवतीच्या देवळात ओटी भरली. सासूबाई आणि मी देवळाच्या ओसरीत बसलो, बाकीचे तटावरनं फिरून आले. एका बाजूला मिरकरवाड्यात बोटीला बोट लागलेली, सकाळी जवळनं बघितलेल्या बोटी चिनू वरनं ओळखून दाखवत होता (सगळ्या चुकीच्या), दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि दीपगृह. पाचनंतर जा, दुपारी अजिबात जाऊ नका, सावली फक्त देवळात आहे.

उतरल्यावर अंधार पडला होता, राम आळीत थोडी खरेदी. आमसुलं, फणसपोळी, कुळीथ पीठ. आंब्याचे भाव ऐकले आणि एक पेटी घ्यायच्या ऐवजी डझनावर आलो. पतितपावन मंदिर वाटेत होतं तर दर्शन घेतलं. भागोजीशेठ कीरांनी 1931 ला बांधलेलं, सगळ्या जातींना एकत्र प्रवेश मिळावा म्हणून, सावरकर स्थानबद्ध होते त्या काळात. प्लॅनमध्ये कापलेलं ठिकाण असं आपोआप झालं ह्याचा वन्संना फार आनंद, पर्समधनं पेन काढून कागदावर टिक केली. कागद अजून होता त्यांच्याकडे!

सोमवार

रजा टाकलेली, चिनूच्या शाळेला दांडी. आंबोळ्या खाऊन नऊला निघालो. गाडीत आंब्याचा वास, चपलांतली वाळू पायाला टोचतेय. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा होमस्टेच्या काकूंचा मेसेज आला, फोटोसकट, काल अजून एक घरटं फुटलं, एकसष्ट पिल्लं. चिनूनं लगेच बेरीज केली, एकशे चार.

मागच्या सीटवर वन्सं डोळे मिटून होत्या, तशाच म्हणाल्या, "पहाटे का?"

मी मेसेज पुन्हा वाचला. "नाही. संध्याकाळी, साडेपाचला."

गाडीत कोणीच काही बोललं नाही. मग दाजी म्हणाले, "म्हणजे झोपूनसुद्धा जमलं असतं."